मुलाच्या दोन डोळ्यांच्या ओसीटीत आधी ८ मायक्रॉनचा फरक, नंतर ४ चा, नक्की कुठला आकडा धरायचा?

चष्मेवाला_बाबा

मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मुलगा ९ वर्षांचा, चष्मा आहे, बाकी डोळ्यांची काही तक्रार नाही, चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचतो. नंबर तपासायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आत बघितलं आणि म्हणाले की नसेचा कप, म्हणजे डोळ्यामागच्या नसेच्या तोंडातला मधला खोलगट भाग, थोडा मोठा दिसतोय, डावीकडचा किंचित जास्त, डोळ्यातलं प्रेशर नॉर्मल आहे, घाबरायचं काही नाही पण एकदा ओसीटी (लाइटने डोळ्याच्या आतल्या थरांची जाडी मोजणारा स्कॅन) करून ठेवू म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हातात राहील. केली. नर्व्ह फायबर लेयरची, म्हणजे नसेच्या तंतूंच्या थराची, सरासरी जाडी उजवा १०४ मायक्रॉन, डावा ९६. डॉक्टर म्हणाले ठीक आहे, काही महिन्यांनी परत बघू. ते म्हणाले ठीक आहे पण मी काय ऐकतोय, घरी येऊन नेटवर काचबिंदूबद्दल वाचत बसलो आणि झोपेचं खोबरं झालं.

आता परत झाली, तिथेच, त्याच मशीनवर. उजवा १०१, डावा ९७. म्हणजे उजवा ३ नी उतरला आणि डावा १ नी वाढला, आता हा वाढतो कसा, तो थर काय परत उगवतो का? आणि ८ चा फरक ४ वर आला तर मी खूश व्हायचं की उजवा पण उतरायला लागला म्हणून अजून टेन्शन घ्यायचं? मुळात निरोगी मुलाचे दोन डोळे सारखे असायला हवेत ना? आणि एक, माझ्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये हिरवे पिवळे लाल रंग होते, ह्याच्या रिपोर्टमध्ये ते सगळे चौकोन राखाडी आलेत, मशीन बिघडलंय की काय? कोणाला ह्यातलं खरंच कळत असेल त्यांनी सांगा, "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहायचं असेल तर ते मी विचारलंय, ते म्हणाले चिंता करू नका.

हिरवा_कंदील

राखाडी येतं कारण वय १८ च्या खाली आहे. सोपा उपाय, टेक्निशियनला सांगा जन्मतारखेत वर्ष बदलून वय २० टाक आणि परत प्रिंट काढ, रंग येतात. आमच्या ओळखीत एकाने असंच करून घेतलं होतं. हिरवं आलं की विषय संपला, एवढं डोक्याला लावून घेऊ नका.

ओसीटी_ताई

कृपा करून वरचा सल्ला ऐकू नका, अशा रिक्वेस्ट आमच्याकडे येतात आणि प्रत्येक वेळी समजवावं लागतं. मी रोज हेच मशीन चालवते, मुलांची पण भरपूर करते.

मशीनमध्ये नॉर्मल लोकांचा एक डेटा भरलेला असतो आणि तुमचा आकडा त्याच्याशी ताडून रंग दिला जातो. हिरवा म्हणजे नॉर्मल लोकांच्या मधल्या ९० टक्क्यांच्या पट्ट्यात, पिवळा म्हणजे खालच्या ५ टक्क्यांत, लाल म्हणजे खालच्या १ टक्क्यात. हा डेटा सगळा मोठ्या माणसांचा आहे, १८ च्या पुढचे, त्यात मुलं नाहीतच. म्हणून मशीन प्रामाणिकपणे राखाडी दाखवतं, की बाबा माझ्याकडे तुलना करायला काही नाही. तुम्ही वय खोटं टाकलंत तर ते ९ वर्षांच्या मुलाची तुलना मोठ्यांशी करेल. मुलांचा हा थर मोठ्यांपेक्षा थोडा जाडच असतो, मोठेपणी दर दहा वर्षांत साधारण २ मायक्रॉन कमी होतो, त्यामुळे मुलाचा थर खरंच पातळ झालेला असला तरी हिरवा येऊ शकतो. म्हणजे खोटा दिलासा. आणि उलटं पण होतं, मायनस नंबरवाल्या मुलाला लाल येतो आणि अख्खं घर हादरतं, कारण त्या डेटामध्ये जास्त नंबरवाले फार थोडे असतात. शिवाय चुकीच्या जन्मतारखेने फाइल सेव्ह झाली की पुढच्या वेळी जुना स्कॅन सापडत नाही, ती डोकेदुखी वेगळी.

आता मुद्द्याचं. चष्मेवाला बाबा, आकडे बाजूला ठेवा आणि आधी प्रिंट नीट बघा. वरती कोपऱ्यात सिग्नल स्ट्रेंथ म्हणून १० पैकी आकडा असतो, दोन्ही डोळ्यांचा वेगळा. ६ च्या खाली असेल तर तो स्कॅन धरायचाच नाही, ६-७ असेल तर चालतो पण मी मुलांमध्ये ८ आल्याशिवाय सोडत नाही. सिग्नल कमी असला की थराची कड मशीनला अंधुक दिसते आणि आकडा पातळ येतो, हे सगळ्यांना माहीत असतं पण प्रिंट बघताना कोणी बघत नाही.

मग खाली नसेचं करड्या रंगाचं चित्र असेल, त्यात रक्तवाहिन्या बघा. एखादी वाहिनी मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसते का, पायरीसारखी? तिथे मुलाने डोळा हलवलाय. काळी आडवी पट्टी असेल तर पापणी मिटलीये. एका बाजूला अंधार पसरल्यासारखा असेल तर बाहुलीच्या मध्यातून लाइट गेला नाही, बहुतेक कपाळ मागे गेलं. मुलं काय करतात, हनुवटी ठेवतात पण कपाळ पट्टीवरून हळूच मागे घेतात, तुम्हाला बाहेरून दिसत नाही, स्क्रीनवर मात्र चित्र खाली सरकत जातं. पाय लोंबकळत असतील तर अजूनच. स्टूल वर घ्यायचं, टेबल खाली घ्यायचं, पायाखाली काहीतरी द्यायचं, एवढं केलं तरी अर्धा प्रश्न सुटतो. आणि डोळे उघडे ठेवायला लावले की पाणी सुकतं आणि सिग्नल धाडकन पडतो, म्हणून मी प्रत्येक स्कॅनच्या आधी दोन-तीनदा जोरात मिचकव म्हणते.

अजून एक सांगू का, सगळीकडे सवयीने उजवा डोळा आधी घेतात. डाव्याची पाळी येईपर्यंत मूल कंटाळलेलं असतं. त्यामुळे मुलांच्या रिपोर्टमध्ये डावा कमी सिग्नलचा हे मी इतक्यांदा बघितलंय की डावा पातळ दिसला की आधी मी तिकडेच बघते.

चष्मेवाला_बाबा

ताई बघितलं. पहिल्या वेळी सिग्नल उजवा ९ आणि डावा ६. दुसऱ्या वेळी दोन्ही ८. आणि हो, पहिल्या डाव्याच्या चित्रात खालच्या बाजूला एक वाहिनी खरंच सरकलेली आहे, मला वाटलं तशीच असते. म्हणजे पहिला ९६ फेकून द्यायचा?

ओसीटी_ताई

फेकायचा नाही पण त्याच्यावर कसलाही निकाल लावायचा नाही. मी असते तर तो त्याच दिवशी परत घेतला असता. पायरी नेमकी त्या गोल वर्तुळावर पडलीये का बघा. नसेभोवती साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ असतं, जाडी त्याच वर्तुळावर मोजतात. पायरी वर्तुळाच्या बाहेर असेल तर फारसं बिघडत नाही, वर्तुळाला कापत असेल तर त्या भागाचा आकडा गेला.

आकडेमोड

मला डोळ्यातलं काही कळत नाही पण मोजमापातल्या चुकांचा हिशोब हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो, थोडं लांबेल.

कुठलंही मोजमाप परत घेतलं की तंतोतंत तोच आकडा येत नाही. नव्या ओसीटी मशीनवर सरासरी जाडी परत मोजली की दोन आकड्यांमध्ये साधारण ५ मायक्रॉनपर्यंत फरक निव्वळ मोजण्यामुळे पडू शकतो, म्हणजे काही बदललेलं नसताना. ९५ टक्के वेळा फरक ह्या ५ च्या आत राहतो असा त्याचा अर्थ. ह्याला २.७७ ने भागलं की एका मोजमापाची स्वतःची चूक मिळते, साधारण १.८. आता उजवा १०४ वरून १०१, फरक ३. डावा ९६ वरून ९७, फरक १. दोन्ही ५ च्या आत. म्हणून काही उतरलं नाही आणि काही उगवलं पण नाही, मशीनला श्वास घ्यायला जेवढी जागा लागते तेवढ्यातच सगळं चाललंय.

पुढची गंमत बघा. तुम्ही दोन डोळ्यांची वजाबाकी करता तेव्हा दोघांच्या चुका एकत्र येतात. १.८ गुणिले १.४१ (दोनचं वर्गमूळ), म्हणजे साधारण २.५. आणि मग "फरक ८ चा ४ झाला" असं म्हणता तेव्हा दोन वजाबाक्यांची वजाबाकी करता, परत गुणिले १.४१, म्हणजे ३.६. त्याची दुप्पट धरली तर ७ च्या आसपास. म्हणजे दोन डोळ्यांमधला फरक एका भेटीतून दुसऱ्या भेटीत ७ नी हलला तरी तो नुसता योगायोग असू शकतो, तुमचा तर ४ नीच हललाय. त्यामुळे ८ खरा की ४ खरा ह्या प्रश्नात दमच नाही, दोन्हींची सरासरी ६ धरा आणि त्याच्याभोवती साडेतीन इकडे साडेतीन तिकडे. मला विचाराल तर दोन डोळ्यांत थोडा खरा फरक असावा, शून्य नसावा, पण किती ते दोन स्कॅनमध्ये सांगता येत नाही.

ह्या सगळ्यात मी धरून चाललोय की प्रत्येक चूक स्वतंत्र आहे. ताई म्हणतायत तसा डावा डोळा कायम शेवटी आणि कायम कंटाळलेला असेल तर ती चूक एकाच दिशेने जाते, आणि एकाच दिशेची चूक दहा वेळा मोजून सरासरी काढली तरी जात नाही. ते मला जास्त खटकतं.

शून्य_पॉइंट_नऊ

आकडेमोड साहेब, उगाच घाबरवताय. मुलांवर झालेल्या अभ्यासांमध्ये ओसीटीचा रिलायबिलिटी कोइफिशंट (मोजमाप किती भरवशाचं ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) ०.९ च्या आसपास येतो असं कितीतरी ठिकाणी छापलंय. ०.९ म्हणजे उत्तम, मग एवढी ओढाताण कशाला?

आकडेमोड

घाबरवत नाहीये हो, उलट धीर देतोय. ०.९ हा आकडा मुलामुलांमध्ये भेद करता येतो का एवढंच सांगतो, म्हणजे जाड थरवाला कोण आणि पातळवाला कोण. तो गटावर अवलंबून असतो. गटात ८० पासून १२० पर्यंतची मुलं घेतली तर कोइफिशंट आपोआप वर जातो, सगळी ९५ ते १०५ मधलीच घेतली तर तेच मशीन, तीच चूक, आणि कोइफिशंट खाली. निरोगी मुलांच्या गटात मुळात पसारा कमी असतो त्यामुळे तिथे कमी आकडा आला तरी मशीन वाईट ठरत नाही. एका मुलाच्या बाबतीत निर्णय घ्यायचा असेल तर मायक्रॉनमध्ये किती चूक ते विचारायचं. १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन ह्यांनी लान्सेटमध्ये नेमकं हेच मांडलं होतं की दोन मोजमापांचा संबंध चांगला असणं वेगळं आणि ती एकमेकांशी जुळणं वेगळं. लोक अजून पण कोरिलेशन छापून मोकळे होतात.

सिमेट्रीचं पण तसंच. "दोन डोळ्यांचं कोरिलेशन भारी आहे" ह्याने बाबांना काडीचा उपयोग नाही. निरोगी मुलांमध्ये उजवा वजा डावा हा फरक कुठून कुठपर्यंत पसरतो, ९५ टक्के मुलं कुठल्या हद्दीत, ते हवं. कोणाकडे आहे का?

डोळस_पीजी

नेत्रविभागात शिकतोय, त्या बाजूने लिहितो.

आधी साहेबांच्या प्रश्नाचं. मोठ्या नॉर्मल माणसांमध्ये सिरस मशीनवर सरासरी जाडीत दोन डोळ्यांचा फरक ९ मायक्रॉनच्या पुढे गेला तर संशय घ्यायचा असं साधारण धरतात, जुन्या स्ट्रॅटस मशीनवर ही हद्द थोडी अजून वर होती. मुलांमध्ये पण त्याच पट्टीत विचार करतात. म्हणजे ८ पण हद्दीच्या आतच होता आणि ४ तर आहेच. निरोगी मुलाचे दोन डोळे अगदी सारखे असायला हवेत हे मुळातच खरं नाही, जवळपास सारखे असतात. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, तिथली जाडी दोन डोळ्यांत छान जुळते. नसेभोवतीचा थर त्यापेक्षा कमी जुळतो, कारण त्या जाडीत रक्तवाहिन्या पण मोजल्या जातात आणि वाहिन्यांच्या फांद्या दोन डोळ्यांत आरशासारख्या नसतात. त्यामुळे पूर्ण सरासरी जास्त भरवशाची, चार भागांचे आकडे त्याहून कमी, आणि घड्याळासारखे १२ भाग केलेले असतात ते सगळ्यात डळमळीत. निरोगी लोकांमध्ये वरचा भाग डावीकडे थोडा जाड आणि कानाकडचा भाग उजवीकडे थोडा जाड असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, त्याला आजार म्हणायचं नाही. आणि १२ भाग बघायचेच असतील तर उजव्याचा ३ आणि डाव्याचा ३ समोरासमोर ठेवू नका, उजव्या डोळ्यात ३ म्हणजे नाकाकडची बाजू आणि डाव्यात ३ म्हणजे कानाकडची. उजव्याच्या ३ ला डाव्याचा ९.

आता बाबांना माझे प्रश्न. दोन्ही डोळ्यांचा चष्म्याचा नंबर काय? मूल पूर्ण दिवसांचं की आधी झालेलं? घरात कोणाला काचबिंदू? आणि ॲलर्जीसाठी, डोळे खाजतात म्हणून स्टेरॉइडचे थेंब कधी बरेच दिवस घातलेत का? शेवटचं जरूर आठवा, मुलांमध्ये त्याने प्रेशर वाढतं आणि लोक परस्पर तेच थेंब परत परत आणत राहतात.

चष्मेवाला_बाबा

पूर्ण दिवसांचा आहे, काचबिंदू कोणाला नाही, स्टेरॉइडचे थेंब कधीच नाही. नंबर उजवा मायनस ०.५०, डावा मायनस २.७५. पण नंबरचा आणि नसेच्या थराचा काय संबंध? नंबर तर चष्म्याने जातो की.

डोळस_पीजी

हां, मग बरंच काही इथेच आहे. मायनस नंबर म्हणजे बहुतेक वेळा डोळा मागे लांब झालेला असतो. मशीन वर्तुळ टाकतं ते ठरावीक कोनात टाकतं, डोळा ठरावीक लांबीचाच आहे असं गृहीत धरून. टॉर्च भिंतीपासून लांब नेला की उजेडाचं गोल जसं मोठं होतं तसं लांब डोळ्यात ते वर्तुळ पडद्यावर मोठं पडतं, म्हणजे नसेच्या कडेपासून जास्त दूर. आणि नसेपासून जितकं दूर जाल तितका हा थर पातळच असतो, कारण तंतू पसरत जातात. तंतू तेवढेच, फक्त मोजलेत जरा लांबच्या जागी. मोठ्या माणसांच्या अभ्यासात डोळ्याच्या लांबीच्या दर मिलिमीटरला सरासरी सुमारे २.२ मायक्रॉन कमी असं आलंय. शिवाय मायनस डोळ्यात वरचा आणि खालचा जाड पट्टा कानाकडे सरकतो, त्यामुळे रिपोर्टमधला दोन उंचवट्यांचा आलेख सरकलेला दिसतो आणि भागांचे आकडे विचित्र येतात, जाड पट्टा जागेवर नाही म्हणून तिथे पातळ आणि शेजारी जाड.

त्यामुळे ज्याच्या दोन डोळ्यांच्या नंबरात एवढा फरक आहे त्याला वर दिलेली सिमेट्रीची हद्द जशीच्या तशी लावायचीच नाही, त्या हद्दी काढताना असे लोक शक्यतो बाहेर ठेवतात. तुमच्याकडे ॲक्सियल लेंथ, म्हणजे डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी, मोजलेली आहे का? नंबर वाढू नये म्हणून काही चालू असेल तर मोजली असणार.

दोघींची_आई

मधेच घुसते, माफ करा. माझ्या मोठीची एका ठिकाणी सरासरी ९८ आली आणि दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी १०७, दुसऱ्या मशीनवर. पहिल्या ठिकाणी इतकं गंभीर तोंड करून सांगितलं होतं की आम्ही अर्धमेले झालो होतो, दुसरीकडे म्हणाले एकदम फर्स्ट क्लास. कोण खरं?

ओसीटी_ताई

ताई दोन्ही खरे असू शकतात. वेगळ्या कंपनीच्या मशीनचे आकडे एकमेकांत मिसळायचे नाहीत. सिरसवर निरोगी मुलांची सरासरी शंभराच्या थोडी खाली येते, दुसऱ्या कंपनीच्या स्पेक्ट्रॅलिसवर १०५ च्या पुढे पण येते, मुलं त्याच प्रकारची. वर्तुळ थोडं वेगळं, कड ओळखायची पद्धत वेगळी. मॅक्युलात तर अजून ढळढळीत दिसतं, मधल्या १ मिलिमीटरची जाडी जुन्या स्ट्रॅटसवर २०० च्या आसपास, सिरसवर २५० च्या आसपास, स्पेक्ट्रॅलिसवर २७० च्या आसपास, कारण खालची कड कुठे संपते हे प्रत्येकाने वेगळ्या थरावर ठरवलंय. तुमचा पहिला ९८ सिरसवरचा असेल तर तो अगदी मधोमध आहे, गंभीर तोंड कशाला केलं देव जाणे. एक मशीन पकडा आणि पुढे त्यावरच करत राहा.

दोघींची_आई

कुठलं मशीन होतं हे पण कोणी सांगत नाही हो. पण रिपोर्टच्या खाली नाव असेल, बघते. धन्यवाद.

शून्य_पॉइंट_नऊ

मग सरळ बाहुली मोठी करून का नाही घेत? थेंब टाकले की सिग्नल वाढेल, कटकट संपली.

ओसीटी_ताई

नव्या मशीनवर मुलांना बहुतेक वेळा गरज नसते, बाहुल्या मोठ्याच असतात त्यांच्या. आणि थेंब टाकले की जवळचं धूसर होतं, मूल चिडतं, डोळ्याला लाइट टोचतो, मग बसवणं अजून अवघड. पूर्वीच्या स्ट्रॅटसवर सेकंदाला ४०० रेषा निघायच्या, सिरसवर २७,०००, अख्खा चौकोन दीडेक सेकंदात होतो. दीड सेकंद कुठलंही मूल नजर स्थिर ठेवतं, फक्त तो दीड सेकंद योग्य वेळी पकडता आला पाहिजे. मी आधी खोटा स्कॅन करते, म्हणजे बटण दाबत नाही, फक्त हिरव्या खुणेकडे बघायला लावते आणि "बघ कशी दिसते, फुलीसारखी की टिंबासारखी" असं विचारते. उत्तर देण्याच्या नादात ती नजर टिकते. बोलायला लागलं की हनुवटी हलते, म्हणून उत्तर नंतर सांग म्हणायचं, मनात ठेव.

चष्मेवाला_बाबा

पीजी साहेब, सापडली. नंबर वाढू नये म्हणून रात्रीचे थेंब चालू आहेत, त्या फाइलमध्ये लांबी लिहिलेली आहे. उजवा २३.३, डावा २४.२.

डोळस_पीजी

मग ०.९ मिलिमीटरचा फरक. २.२ ने गुणलं तर साधारण २ मायक्रॉन डावा नुसत्या लांबीमुळे पातळ दिसणार. तो आकडा मोठ्या माणसांवरचा आहे म्हणून दशांशात शिरू नका, पण दिशा पक्की. साहेबांचा सरासरी ६ चा फरक धरला तर त्यातले २ इथे गेले, पहिल्या वेळच्या कमी सिग्नलचे काही गेले, उरलेलं नॉर्मल फरकात आरामात बसतं. नसेच्या कपचं पण ऐका. कप मोठा की छोटा हे नसेचं तोंड किती मोठं ह्यावर असतं, तोंड मोठं तर तेवढ्याच तंतूंमध्ये मधली जागा जास्त उरते. रिपोर्टमध्ये डिस्क एरिया, म्हणजे ह्या तोंडाचं क्षेत्रफळ, असेल, तो बघा, मोठा असेल तर मोठा कप त्याला शोभतो. फक्त लांब डोळ्यात डिस्क एरियाच्या आकड्याला पण तोच मोजण्याचा घोळ असतो, तो मशीनवर खऱ्यापेक्षा लहान दिसतो. दोन डोळ्यांच्या कपच्या आकड्यात (कपचा व्यास भागिले नसेच्या तोंडाचा) ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर आम्ही कान टवकारतो. तुमच्याकडे किती लिहिलंय?

चष्मेवाला_बाबा

०.५ आणि ०.६.

डोळस_पीजी

बसतंय. प्रेशर नॉर्मल, घरात काचबिंदू नाही, स्टेरॉइड नाही, कपात ०.१ चा फरक, थर दोन्हीकडे चांगला. तुमच्या डॉक्टरांनी नेमकं जे सांगितलं तेच मी सांगतोय, फक्त लांब करून. ते जेव्हा बघतील तेव्हा जास्त महत्त्वाचं असेल ते खालच्या कानाकडच्या भागात एखादी खाचेसारखी पातळ जागा, कारण काचबिंदूत सुरुवात बहुतेक तिथून किंवा वरून होते आणि सरासरी तेव्हा चांगलीच असू शकते. सरासरीत तुम्ही अडकलात, पण आलेखाचा आकार बघायचा असतो.

एक गोष्ट मात्र पुढच्या वर्षांसाठी लक्षात ठेवा, हे मुलांमध्येच होतं. डावा डोळा अजून लांब होत गेला तर जाडीचा आकडा दरवर्षी थोडा थोडा खाली येत राहील, आजार काही नसताना. निरोगी शाळकरी मुलांमध्ये वयामुळे हा थर फारसा बदलत नाही, म्हणून उतार दिसला की लोक दचकतात, आणि लांबी सोबत मोजलेली नसली तर कोणालाच सांगता येत नाही की हे लांबीमुळे की नसेमुळे. तेव्हा ओसीटीच्या दिवशीच ॲक्सियल लेंथ मोजून त्याच कागदावर लिहून घ्या. गँग्लिऑन सेलचा, म्हणजे ज्या पेशींतून हे तंतू निघतात त्यांच्या थराचा, स्कॅन पण घ्यायला सांगा, तो मॅक्युलाजवळ असतो, त्यात मोठ्या वाहिन्यांचा आणि नसेच्या तिरकेपणाचा त्रास कमी, त्यामुळे परत मोजल्यावर आकडा कमी हलतो. लांबीचा परिणाम त्यावर पण होतोच, अगदी सुटका नाही.

आकडेमोड

मी एक जोडतो. एका भेटीत एकच स्कॅन न घेता प्रत्येक डोळ्याचे दोन-तीन चांगले घ्या आणि सरासरी लिहा. तीन घेतले तर १.८ ची चूक जवळपास १ वर येते. ह्यापेक्षा स्वस्तात अचूकता कुठे मिळणार. फक्त "चांगले" कोणते ते आकडा बघायच्या आधी ठरवा, सिग्नल आणि चित्र बघून. आकडा बघून मग हा घेऊ तो सोडू केलं तर माणूस नेहमी आवडता आकडाच निवडतो.

शून्य_पॉइंट_नऊ

बरं, ०.९ वरचं मान्य, गटावर अवलंबून हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण मग अभ्यासात १०० मुलांचे २०० डोळे म्हणून छापतात ते बरोबर आहे का? माझ्या एका मैत्रिणीच्या प्रबंधात तसंच आहे.

आकडेमोड

एका मुलाचे दोन डोळे ही दोन वेगळी माणसं नव्हेत. २०० स्वतंत्र धरले की चूक खोटी लहान दिसते आणि नसलेले फरक ठळक होतात. एकतर एकच डोळा घ्यायचा किंवा दोन डोळे एका मुलाचे आहेत हे मॉडेलमध्ये सांगायचं. फक्त सिमेट्री हाच विषय असेल तर जोडी हवीच, मग प्रत्येक मुलाचा एक फरक, म्हणजे १०० आकडे. मैत्रिणीला गाइड काय म्हणतात ते विचारा, व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.

हिरवा_कंदील

एवढं सगळं असेल तर रंग देतातच कशाला मग.

ओसीटी_ताई

मोठ्यांसाठी देतात आणि त्यांच्यासाठी उपयोगी आहेत. मुलांच्या बाबतीत स्वतःचाच जुना स्कॅन हाच त्याचा नॉर्मल. म्हणून फाइल जपा, नुसता प्रिंट नाही, पीडीएफ पण मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी देतात.

चष्मेवाला_बाबा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं समजावून कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळेसाठी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, डावा डोळा आधी, सिग्नल ८ च्या वर, प्रत्येकी तीन, लांबी त्याच दिवशी, गँग्लिऑन सेल पण. ताई, डावा आधी घ्या म्हटलं तर ते ऐकतील का, की हा बाप शहाणा म्हणून चिडतील?

ओसीटी_ताई

मला कोणी सांगितलं तर मी घेईन, मशीनला काही फरक पडत नाही, डोळा निवडायचं बटण असतं. हळू आवाजात सांगा की गेल्या वेळी डाव्यात सिग्नल ६ आला होता. "सिग्नल ६" म्हटलं की समोरची व्यक्ती आपोआप नीट बसवते. आणि शाळा सुटल्यावरची वेळ घेऊ नका.